पणजोबांचं नाव शोधताय? आधी सुट्टीतलं गाव आठवा

आमच्याकडे बहुतेक लोक येतात ते एक जुना सातबारा घेऊन आणि म्हणतात याच्या मागचं सगळं काढून द्या. काढतो की, तेच काम आहे आमचं, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून नकला मागवणं, मोडी वाचून घेणं, वंशावळ जुळवणं. पण कागद शोधायला आधी गाव, भाऊबंद आणि अंदाजे साल लागतं, आणि ते तुमच्याच डोक्यात असतं, लहानपणीच्या सुट्टीत जमा झालेलं.

अखाजीचंच घ्या, म्हणजे आपल्या खान्देशातली अक्षय्य तृतीया. घागर भरताना, आगारी (पितरांसाठी विस्तवावर नैवेद्य) टाकताना घरातलं मोठं माणूस गेलेल्यांची नावं घ्यायचं, ती आठवा, नाही आठवली तर मावशीला फोन लावा. फक्त एक लक्षात ठेवा, अखाजीला आई माहेरी जायची आणि तुम्ही तिच्याबरोबर, म्हणजे ती नावं मामाकडची, ती वडिलांच्या वंशावळीत घुसवू नका (हे फार होतं). वडिलांकडचं हवं असेल तर श्रावणातले कानबाईचे रोट (देवीच्या नैवेद्याचे) आठवा. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ धान्य काढायचे आणि रोट भाऊबंदांनीच खायचे, तर तुमच्या रोटाला कोणकोण बसायचं ती यादी म्हणजे तुमचं खानदान, आज त्यातले निम्मे सुरतेला असले तरी.

आता कागद. सातबारावर नावाजवळ गोलात नंबर असतो तो फेरफारचा, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदीचा, आणि ज्या नावाला कंस केलाय ते नाव कमी झालेलं. त्या नंबरचा फेरफार काढला की अमुक मयत, वारस अमुक अमुक असं सापडतं, मग त्यातल्या मयताचा मागचा फेरफार, असं एकेक पायरी मागे जायचं. आमच्या मते वारस फेरफारसारखा कागद नाही, त्यात लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं पण कधीकधी मिळतात. बाईच्या नावापुढे भ्र. (भ्रतार) किंवा कोम असेल तर पुढचं नाव नवऱ्याचं, पुरुषाच्या नावापुढे वल्द असेल तर बापाचं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, म्हणजे एक नाव दिसतंय पण मागे भाऊ आहेत, ते शोधा. आडनाव नाहीच म्हणून घाबरू नका, जुन्या कागदात बऱ्याचदा नसतंच.

जन्म-मृत्यूसाठी कोतवाल बुक, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, त्यात बाळाचं नाव नसून नुसतं मुलगा किंवा मुलगी आणि बापाचं नाव असं पण निघतं. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये जन्मगाव आणि जात मिळते, पण जन्मतारीख १ जून दिसली तर ती मास्तरांनी टाकलेली समजा, अर्धा खान्देश १ जूनला जन्मलाय. शके लिहिलेलं असेल तर ७८ मिळवा, शके १८५० म्हणजे १९२८-२९.

गाव कुठल्या जिल्ह्यात शोधायचं याचा पण घोळ असतो. १९०६ ला खान्देशचे दोन जिल्हे झाले, पूर्व खान्देश म्हणजे आजचं जळगाव आणि पश्चिम म्हणजे धुळे, त्यातून नंदुरबार १९९८ ला वेगळं झालं. बागलाण, मालेगाव १८६९ लाच नाशिककडे गेलं. आणि मुक्ताईनगर जुन्या कागदात शोधत बसाल तर मिळणार नाही, तिथे एदलाबाद लिहिलेलं असतं.

कागद संपले की त्र्यंबकेश्वर, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या (तिथे विधी करणाऱ्या पुरोहितांच्या) वह्या, तिथे तुमच्या गावचे उपाध्ये कोण ते विचारा, आजोबा कोणाच्या अस्थी घेऊन गेले असतील तर नोंद असू शकते. वंशावळ सांगणाऱ्या भाटाच्या वहीतलं पण ऐका, पण राजघराण्यापर्यंत पोचणारी वंशावळ आम्ही कागदाशिवाय टाईप करून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. जातपडताळणीला लागणारे पुरावे शोधून देऊ, पण सर्टिफिकेट मिळेलच अशी गॅरंटी कोणी देत असेल तर त्याच्याकडे जाऊ नका.

येताना सातबारा, आठ अ (जमिनीचा खातेउतारा), घरातले जुने दाखले आणा, लग्नपत्रिका पण चालतात, कारण त्यात काका, मामा, आत्या सगळे छापलेले असतात. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, समोरच स्कॅन करून परत देतो. सरकारी नकलेची फी वेगळी, तिची पावती तुम्हाला मिळेल, आणि अर्ज तुमच्याच सहीने जातो म्हणून आधार कार्ड विसरू नका.