लेकरांची राइड आणि घरादाराची राइड

मागच्या दिवाळीत धाकट्या भावाने आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जाहिरात टाकली. हायवेलगत नवं पार्क होत होतं. चित्रात निळं आभाळ, गुळगुळीत वळणाचा ट्रॅक, ट्रॅकवर एक डबा आणि डब्यात आई, बाबा, दोन लेकरं, शिवाय नऊवारीतली आजी. सगळे हात वर करून हसतायत. वर मोठ्या अक्षरात ‘संपूर्ण कुटुंबासाठी’. आमच्या आईने फोटो बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाली, “एवढ्या वाऱ्यात हिचा पदर कसा जागेवर राहिला रे?”

हसण्यावारी नेलं, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गेलो. लातुरातून दोन गाड्या, सात माणसं, दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. चित्रातला डबा तिथे खरोखर होता. फक्त त्याचं तोंड सुरवंटाचं होतं, ट्रॅक माझ्या कमरेएवढ्या उंचीवरून फिरत होता आणि फाटकावर पाटी होती: उंची 120 सेंमीपेक्षा जास्त असल्यास प्रवेश नाही. पाच वर्षांची माझी मुलगी आत गेली. बाकीचे सहा जण कठड्याला टेकून, कुणाच्या हातात चपला, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. तेरा वर्षांच्या पुतण्याने मोबाइल काढला. तिकीट मात्र सातही जणांचं पूर्ण.

फसवलं म्हणून भांडावं, असंही नव्हतं. लेकरू खूश होतं. घोळ शब्दाचा होता. ‘फॅमिली राइड’ आणि ‘किड्स राइड’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याकडे दोन्हींवर एकच पाटी लागते.

लेकरांची राइड म्हणजे जिच्यात लेकरू बसतं आणि मोठी माणसं बघतात. घरादाराची राइड म्हणजे जिच्यात लेकरू, त्याचा बाप आणि त्याची आजी एकाच डब्यात बसतात आणि तिघांनाही त्यात आपापलं काही सापडतं. दोन्ही हळू असू शकतात, दोन्ही रंगीत असतात, दोन्हींच्या रांगेत फुगेवाला उभा असतो. म्हणून तर गल्लत होते. राइड सुरू झाल्यावर बाप कुठे आहे, डब्यात की कठड्याला, एवढं बघितलं की पुरे.

गंमत म्हणजे आज ज्याला आपण थीम पार्क म्हणतो, त्याचा जन्मच या कठड्यापाशी झाला. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जायचे. मुली फिरत्या घोड्यांवर आणि हे बाकड्यावर बसून शेंगदाणे खात. आईबापांना आणि लेकरांना मिळून मजा करता येईल अशी एखादी जागा का नसावी, हा विचार त्या बाकड्यावर आला, असं ते स्वतः सांगत. 17 जुलै 1955 ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. बाकड्यावर शेंगदाणे खात बसलेला बाप मला तरी लांबचा वाटत नाही. आमच्याकडच्या कुठल्याही बागेत रविवारी संध्याकाळी तो असतोच.

आता ओळखायचं कसं? फाटकावरची उंचीची पाटी नीट वाचा. सगळ्यात खरी माहिती तिथे असते, जाहिरातीत नसते. पाटीवर ‘जास्तीत जास्त उंची’ दिली असेल तर ती लेकरांची राइड. सीट छोट्या आहेत, गुडघे मावणार नाहीत, यंत्रही तेवढ्याच वजनाचं, विषय संपला. पाटीवर ‘कमीत कमी उंची’ असेल आणि खाली ‘यापेक्षा कमी असल्यास मोठ्या माणसासोबत’ अशी दुसरी ओळ असेल, तर ती बहुतेक घरादाराची. ही दुसरी ओळ फार मोलाची. राइड बनवणाऱ्याने लेकरू आणि मोठा माणूस शेजारी बसणार हे धरूनच सीट केली आहे, असा तिचा अर्थ. आणि नुसतीच कमीत कमी उंची, तीही 140 सेंमीच्या आसपास असेल, तर ती थरारवाल्यांची. तिथे आजीचा आणि पाच वर्षांच्या लेकराचा काही संबंध नाही.

(आपल्या लोकांची एक गंमत. एसटीत पाच ते बारा वर्षांना अर्धं तिकीट, म्हणून तिथे लेकराचं वय कमी सांगायचं. राइडच्या पट्टीपाशी त्याच लेकराला टाचा उचलायला सांगायचं. एकाच दिवसात पोरगं दोनदा खोटं बोलतं आणि दोन्ही वेळा आईच्या सांगण्यावरून.)

टाचा उचलायला लावू नये, याचं कारण सांगतो, कारण ते मी जवळून पाहिलंय. बऱ्याच राइडमध्ये मांडीवर एक आडवा दांडा येतो, त्याला लॅप बार म्हणतात. दोघांमध्ये एकच दांडा असेल तर तो जाड माणसाच्या पोटाशी अडतो. माझ्या पोटाशी तो थांबला तेव्हा शेजारी बसलेल्या मुलीच्या मांडीवर वीतभर मोकळी जागा राहिली. माझा हात त्या फटीतून आरपार गेला. डबा झटक्याने खाली गेला तर लेकरू याच फटीतून पुढे घसरतं. लहान लेकराचं कंबरेचं हाड लहान असतं, दांड्याला अडायला तिथे फारसं काही नसतं. म्हणून घरादाराची राइड म्हणवून घेणाऱ्या यंत्रात एक तर प्रत्येकाला वेगळा दांडा हवा, नाही तर वेगच एवढा बेताचा हवा की दांड्यावर भार येणारच नाही. नवी राइड पाहायला गेलात तर रंगाकडे नंतर बघा, आधी दोन सीटच्या मधे बघा. दांडा एक आहे की दोन?

फ्लोरिडातल्या डिस्नेच्याच मॅजिक किंगडम पार्कमध्ये 2014 साली ‘सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन’ सुरू झाली. तिला कमीत कमी उंची 38 इंच, म्हणजे साधारण 97 सेंमी. डबा झोपाळ्यासारखा डावी-उजवीकडे झुलतो, मधे खाणीतला देखावा लागतो आणि तीनेक मिनिटांत सगळं संपतं. सुरू झाली तेव्हा थरारवाल्यांनी नाकं मुरडली, एवढी वाट बघायला लावून एवढीशीच? घरची माणसं मात्र रांगेतून हलायला तयार नाहीत. दोघांचंही बरोबर. थरारवाला वळणं मोजतो, आपण डब्यातली माणसं मोजतो.

हळू म्हणजे लेकरांची, हाही एक गैरसमज. डिस्नेलँडमध्ये पहिल्या वर्षापासून स्नो व्हाइटची अंधारातली राइड होती. बैलगाडीच्या वेगाने जाणारी, पण वळणावर चेटकीण अंगावर यायची आणि लहान पोरं रडत बाहेर पडायची. शेवटी 1983 मध्ये नूतनीकरण करताना नावातच ‘भीतीदायक’ या अर्थाचा शब्द घातला, म्हणजे आईबापांना आधीच कळावं. 2021 मध्ये पुन्हा काम करून ती सौम्य केली आणि तो शब्द काढला. अंधार, आवाज आणि अचानक समोर येणारं तोंड, लेकराला घाबरवायला एवढं पुष्कळ झालं. आपल्याकडे जत्रेतल्या ‘भूत बंगल्या’त काय असतं? वेग शून्य. तरी पुतण्या सहा वर्षांचा असताना माझ्या मानेवरून उतरला नव्हता.

पण अंधारातल्या गोष्टीच्या राइड, ज्यांना डार्क राइड म्हणतात, त्याच खऱ्या अर्थाने घरादाराच्या, असं माझं मत. होडीत किंवा डब्यात बसायचं, आजूबाजूने देखावे सरकतात. आजीला बसायला मिळतं, सावली मिळते, लेकराला बाहुल्या दिसतात, बाप यंत्रं कशी हलतात ते शोधतो. खोपोलीच्या इमॅजिकात (2013 साली सुरू झालेलं पार्क) अलिबाबाच्या गोष्टीवरची अशी राइड आहे. डब्यातून जाता जाता नेम धरायचा आणि गुण मिळवायचे. आमच्या आईने बंदूक उलटी धरली होती, तरी माझ्यापेक्षा फार कमी गुण नव्हते. त्याच पार्कात ‘नायट्रो’ नावाचा रोलरकोस्टर आहे, पायाखाली तळच नसलेला, उलटापालटा करणारा. त्याच्या वाटेला आम्ही गेलो नाही, पुतण्या एकटाच गेला आणि येताना पांढराफटक पडून आला.

लातूर-नांदेडकडच्या माणसाला खोपोलीपेक्षा हैदराबाद जवळ. तिथे 1996 ची रामोजी फिल्म सिटी आहे आणि 2016 पासून वंडरला हे राइडचं पार्क. त्यामुळे आमच्याकडची तुलना बहुतेक त्यांच्याशीच होते. कुणी म्हणतं आपल्याकडे पण तसं होणार, आणि समोरचा लगेच म्हणतो, होऊ दे तर खरं. ही शंका उगाच आलेली नाही. मराठवाड्यातल्या एका पिढीने शाळेच्या सहलीत पैठणला संत ज्ञानेश्वर उद्यानातली कारंजी बघितली, तेवढ्यावर ती पिढी म्हातारी होत आली. मधल्या काळात चौकाचौकात ‘लवकरच’ लिहिलेले बॅनर पुष्कळ लागले आणि उन्हाने विरून गेले.

आणि नव्याबद्दलची शंका फक्त आपल्याकडेच असते असं नाही. डिस्नेच्या कॅलिफोर्निया अॅडव्हेंचरमध्ये 2012 साली मोठा गाजावाजा करून ‘लुइजीज फ्लाइंग टायर्स’ सुरू झाली. मोठ्या टायरच्या आकाराची वाहनं, खालून हवेचा झोत, त्यावर तरंगायचं आणि अंग झुकवून दिशा बदलायची. कागदावर बघाल तर अस्सल घरादाराची. एका टायरमध्ये दोघे मावत. पण माणसांना ते टायर वळवताच येईनात, भरायला-उतरवायला वेळ लागे आणि रांग ताटकळत राही. 2015 मध्ये ती बंद झाली, पुढच्या वर्षी त्याच जागी संगीतावर नाचणाऱ्या गाड्या आल्या. एवढे पैसे आणि एवढे इंजिनियर असलेल्यांचंही असं होतं. हायवेवरच्या आपल्या माणसाला थोडी सूट द्यायला हवी.

भरायला-उतरवायला लागणारा वेळ हा मुद्दा जाहिरातीत कुणी लिहित नाही, म्हणून बोटावर मोजून दाखवतो. लेकरांच्या राइडमध्ये सोळा जागा आहेत समजा. फिरवणं दोन मिनिटं आणि लेकरांना चढवणं, पट्टा लावणं, एकाचं रडणं थांबवणं, उतरवणं यात आणखी दोन. चार मिनिटांना सोळा, म्हणजे तासाला दोनशे चाळीस. रांगेत तीनशे असतील तर शेवटच्याला सव्वा तास, तोही उन्हात. होड्यांची राइड थांबतच नाही, डबे सरकत राहतात, माणसं चढत राहतात. मे महिन्यातल्या मराठवाड्यात हा फरक पाणी किती लागेल इथपर्यंत जाऊन पोचतो.

2023 मध्ये डिस्नेसारखीच पार्कं चालवणाऱ्या युनिव्हर्सलने अमेरिकेत टेक्सासमधल्या फ्रिस्कोला खास लहान लेकरं असलेल्या कुटुंबांसाठी वेगळं पार्क जाहीर केलं. ही बातमी वाचल्यावर माझ्या डोक्यात आधी आमचा पुतण्याच आला. पाच वर्षांच्या पोरीसाठी ठीक, पण तिच्या तेरा वर्षांच्या भावाचं काय? तो सुरवंटात मावत नाही आणि थरार तिथे नाही. ‘कुटुंब’ म्हणताना जाहिरातवाले हा तेरा वर्षांचा पोरगा नेहमी विसरतात. आजीला तरी चित्रात घेतात.

खरं सांगायचं तर अस्सल घरादाराची राइड आमच्याकडे कधीपासून आहे. महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते, तेव्हा मैदानात आकाशपाळणा उभा राहतो. एका पाळण्यात चौघे, समोरासमोर. आई, मुलगी, बायको, मी. पाळणेवाला एकेक पाळणा भरतो, मग समोरच्या बाजूचा, कारण वजन एकाच अंगाला गेलं तर चाक ओढ खातं. ते भरताना आपण वर लटकत राहतो आणि खालून जिलबीचा वास येतो. आई दरवर्षी म्हणते, मी नाही बसायची. दरवर्षी बसते. वर गेली की पदर दातात धरते आणि मंदिराचा कळस दिसला की हात जोडते, म्हणजे दांडा सोडते. तिथे पट्टी नाही, लॅप बारही नाही, एक साखळी असते. त्या बाबतीत मी आकाशपाळण्याची बाजू घेणार नाही. त्याच मैदानातले टोराटोरा आणि ब्रेकडान्स थरारवाल्यांचे, आणि कोपऱ्यातली छोटी मोटारगाडी लेकरांची. यात्रेत पाटी कुठेच नसते, पण कुणाची काय चूक होत नाही. बघितलं की कळतं.

आता दुसरं एक पार्क होतंय, आमच्यापासून तासाभरावर. भावाने परत ग्रुपवर टाकलं, परत तीच हसणारी आजी. या वेळी मी जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. विचारलं, फाटकावर उंची जास्तीत जास्त लिहिलीय की कमीत कमी? पोरगा गडबडला, म्हणाला बघून सांगतो. मांडीवरचा दांडा एक की दोन? तेही बघून सांगतो. मग विचारलं, आमची आई सत्तरीची आहे, ती कुठल्या राइडमध्ये बसंल?

“काळजीच करू नका सर,” तो एकदम खुलून म्हणाला, “आजींसाठी मंडप टाकलाय, खुर्च्या आहेत, पंखा पण आहे.”