प्लॅन काढायच्या आधी माती भिजवून बघा

घर बांधायचं ठरलं की खोल्या, खिडक्या, टाइल्स यावर महिनोन्महिने चर्चा होते आणि ज्या मातीवर हे सगळं उभं राहणार तिच्याकडे जेसीबी आल्यावर पहिल्यांदा लक्ष जातं. माझं म्हणणं इतकंच की प्लॅन काढायच्या आधी माती बघा, आणि ती पाण्याशी कशी वागते ते बघा. कारण पायाखालचा ओलावा वर्षभर सारखा राहायला हवा, सेप्टिकचं पाणी मुरायला हवं पण सावकाश, आणि बागेत पाणी टिकायला हवं पण मुळांना हवाही मिळायला हवी. एकाच प्लॉटवर तिघांचं जमवायचंय.

फरक पडतो तो कणांच्या आकाराने. वाळूचा कण २ मिमीपर्यंत असतो, चिकणमातीचा ०.००२ मिमीपेक्षाही लहान, गाळाचा या दोन्हींच्या मधला. घरच्या घरी बघायचं तर एका उभ्या बरणीत तिसरा हिस्सा माती घ्या, पाणी भरा, भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाका, जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाला बसते, गाळाला काही तास लागतात आणि चिकणमाती दुसऱ्या दिवशीसुद्धा पाणी गढूळ ठेवते. थर मोजले की कशात किती आहे याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

पण चिकणमातीही सगळी सारखी नसते. केओलिनाइट हे खनिज असलेली फारशी फुगत नाही, मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असलेली मात्र पाणी पापुद्र्यांमध्ये ओढून घेते आणि फुगते, वाळली की आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या मधली माती झाकलेली म्हणून तिथली ओल टिकते, कडेची वाळते, पावसात परत फुगते, मग पाया एका बाजूने उचलला जातो आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यातून तिरक्या भेगा निघतात. हलक्या एकमजली घराला हा त्रास जास्त, कारण फुगणारी माती दाबून धरायला वजनच पुरत नाही. पावसाचा पाइप पायाशीच सोडलेला, नळ गळतोय, भिंतीला लागून मोठं झाड, यातलं काहीही असलं तरी ओलावा कमीजास्त होतो. म्हणून अशी माती काढून मुरूम थराथराने ठोकून भरतात किंवा पाइल, म्हणजे जमिनीत खोल रोवलेले खांब, खालच्या पक्क्या थरापर्यंत नेतात.

मऊ चिकणमातीला तर वेळही द्यावा लागतो. पिसाच्या मनोऱ्याचं काम ११७३ मध्ये सुरू झालं, तिसऱ्या मजल्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं बंद राहिलं आणि तेवढ्या काळात खालच्या चिकणमातीतलं पाणी हळूहळू पिळून निघाल्यामुळेच मनोरा वाचला, सलग बांधला असता तर बहुधा कोसळला असता असं इंजिनिअर सांगतात. वाळूवर बांधलं की काळजी मिटली असंही नाही, १९६४ च्या जपानमधल्या निगाताच्या भूकंपात पाण्याने भरलेली सुटी वाळू पातळ झाली आणि अख्ख्या बिल्डिंगा आडव्या झाल्या.

आता सेप्टिक. टाकीत पाणी स्वच्छ होतं असं बऱ्याच जणांना वाटतं पण टाकीत फक्त घट्ट भाग खाली बसतो आणि थोडाफार कुजतो, खरी सफाई बाहेरच्या मातीत, कणांना चिकटलेले जिवाणू करतात आणि त्यासाठी मातीत हवा लागते. चिकणमातीत पाणी मुरत नाही आणि वर येतं. जाड वाळूत ते इतकं झटकन उतरतं की जंतू अडायच्या आत भूजलात पोचतात. सांडपाण्यातल्या नत्रापासून बनणारं नायट्रेट तर चांगल्या मातीतूनही सुटतं, कारण मातीच्या कणांवर ऋण भार आणि नायट्रेटवरही ऋण भार, त्यामुळे माती त्याला धरतच नाही. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ५० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणून शोषखड्डा आणि विहीर एकमेकांजवळ नकोतच.

टेस्ट सोपी आहे. पाणी जिथे सोडायचंय त्या खोलीपर्यंत खड्डा घ्या, आदल्या दिवशी भरून ठेवा म्हणजे माती फुगायची ती फुगून घेईल, दुसऱ्या दिवशी परत भरा आणि पातळी उतरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. २.५ सेंमी उतरायला तासाच्या वर लागत असेल तर साधा शोषखड्डा तिथे चालणार नाही. खड्ड्याच्या भिंतीचा रंगही नीट बघा, राखाडी मातीत तांबूस ठिपके दिसले तर वर्षातले काही महिने पाणी तिथपर्यंत चढतं, मग तुम्ही भर उन्हाळ्यात का बघत असेना.

बागेसाठी मात्र तीच चिकणमाती सोनं आहे, कॅल्शियम, पोटॅश धरून ठेवते. तिला मोकळी करायला लोक वाळू टाकतात, कृपा करून टाकू नका, थोड्या वाळूने ती विटेसारखी घट्ट होते, कंपोस्टच घाला. बांधकाम सुरू व्हायच्या आधी वरचा वीतभर थर काढून बाजूला रचून ठेवा, नाहीतर तो गाड्यांखाली दबतो नाहीतर भरावात जातो. आणि भिंतीकडेच्या झाडांची नवी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसत असतील तर आधी तिथे उकरा, सिमेंट-चुन्याचा राडारोडा पुरलेला असतो, त्याने मातीचा पीएच चढतो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी खत वाढवण्यापेक्षा तो राडारोडा काढा आणि बाजूला ठेवलेली माती तिथे भरा.