मागच्या हौसिंगमधला अंक: नवी पिकअप घेताना ३.९१ की ४.५६?

पिकअप बघायला गेलेला माणूस हॉर्सपॉवर विचारतो, ॲव्हरेज विचारतो, हौद्याची लांबी पायाने मोजतो आणि शेवटी हप्त्यावर येतो. मागच्या हौसिंगमध्ये, म्हणजे मागच्या दोन चाकांमधल्या गिअरच्या पेटीत, क्राऊन-पिनियन किती दातांचं आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. पण जालन्याची मोसंबी भरलेली किंवा लातूरच्या मोंढ्याकडे सोयाबीनचे कट्टे घेऊन निघालेली गाडी घाटात कितव्या गिअरवर चढेल, क्लच प्लेट किती टिकेल आणि भरल्या गाडीला डिझेल किती लागेल, हे बरंचसं त्या दातांवरच ठरतं.

अमेरिकेत पिकअपची ऑर्डर देताना तेच इंजिन आणि तोच गिअरबॉक्स ठेवून मागच्या ॲक्सलचा रेशो, म्हणजे या दातांचं प्रमाण, वेगळं निवडता येतं: ३.३१, ३.५५, ३.७३, ४.१० असे पर्याय असतात. आपल्याकडे असा वेगळा रकाना सहसा नसतो. निवड असते, पण ती मॉडेलच्या पोटात लपलेली असते. एकाच नावाच्या गाडीच्या सव्वा टनी आणि पावणेदोन टनी अवतारात टायर, गिअरबॉक्स आणि हौसिंग वेगवेगळं असू शकतं. म्हणून रंगीत पत्रकावर समाधान न मानता तांत्रिक तक्ता मागावा आणि त्यात ‘रिअर ॲक्सल रेशो’ किंवा ‘फायनल ड्राइव्ह रेशो’ ही ओळ शोधावी. सोबत गिअरबॉक्सच्या प्रत्येक गिअरचा रेशो आणि टायरचा साइज लिहून घ्यावा. हे तीन आकडे हाती आले की उरलेलं काम मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

गिअरबॉक्सकडून येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असतं, ते पिनियन. ते हौसिंगमधल्या मोठ्या चाकाला, म्हणजे क्राऊनला फिरवतं. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ९ असतील तर रेशो ४१ भागिले ९, म्हणजे ४.५६. शाफ्टचे साडेचारहून थोडे जास्त फेरे झाले की चाकाचा एक फेरा होतो. वेग तेवढ्या पटीने उतरतो आणि पीळ, म्हणजे टॉर्क, तेवढ्या पटीने चढतो. ४३ आणि ११ दातांची जोडी असेल तर रेशो ३.९१. अंक मोठा तर ओढ जास्त, अंक लहान तर पळ जास्त. इंजिनाची ताकद दोन्हींत तेवढीच राहते, ती कुठे खर्च करायची एवढंच हौसिंग ठरवतं.

हे आकडे ४१ आणि ४३ असे अडनिडे का, सरळ ४० दात आणि १० दात का नाहीत? ४० आणि १० ची जोडी असती तर क्राऊनच्या प्रत्येक फेऱ्यात तोच दात त्याच दातावर आपटला असता. एखाद्या दातावर बारीक खोट असली तर ती समोरच्या त्याच चार दातांना कोरत राहिली असती. ४१ आणि ९ मध्ये सामाईक अवयव नाही. एकदा भेटलेली दातांची जोडी पुन्हा भेटायला पिनियनचे ४१ फेरे व्हावे लागतात, तोवर प्रत्येक दात प्रत्येकाला भेटून गेलेला असतो. झीज सगळ्यांत सारखी वाटली जाते. शाळेत शिकलेल्या मसावीचा इतका चोख उपयोग क्वचितच दिसतो.

आता प्रत्यक्ष गाडी घेऊ. टायर २१५/७५ आर १५. वजनाखाली थोडा दबलेला धरून त्याचा एक फेरा साधारण २.१५ मीटरचा होतो, म्हणजे किलोमीटरला ४६५ फेरे. ताशी ६० चा वेग म्हणजे मिनिटाला बरोबर एक किलोमीटर, म्हणून या वेगाला चाक मिनिटाला ४६५ फेरे घेतं. चौथा गिअर सरळ, म्हणजे १ चा असेल तर ३.९१ च्या गाडीचं इंजिन १८१८ आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांनी, फिरेल आणि ४.५६ चं २१२० वर. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर हेच आकडे १४५४ आणि १६९६ होतात.

इथे बहुतेकांचा निर्णय होऊन जातो: इंजिन कमी फिरतं तर डिझेल कमी पितं, म्हणून लहान अंक चांगला. रिकाम्या गाडीला आणि सपाट रस्त्याला हे खरं आहे. पण हौद्यात तेरा क्विंटल माल आहे, समोरून वारा आहे आणि रस्ता हलका चढाचा आहे, अशा वेळी ३.९१ ची गाडी पाचव्यात दम टाकते आणि ड्रायव्हर चौथा टाकतो. ६० च्या वेगाला चौथ्यात तिचं इंजिन १८१८ वर जातं. त्याच रस्त्यावर ४.५६ ची गाडी पाचव्यातच १६९६ वर ओढत राहते. कमी फिरेल म्हणून घेतलेली गाडीच जास्त फिरते. ॲव्हरेजचा हिशेब रिकाम्या गाडीवर करून भरलेली गाडी चालवायची, ही चूक पुढची दहा वर्षं खिशातून जाते. माझं मत स्पष्ट आहे: वर्षातले निम्म्याहून जास्त किलोमीटर भरून जाणार असतील तर मोठा अंक घ्यावा.

महामार्गावर मागे पडू, ही भीती उरते. मालवाहू गाडीला ताशी ८० चा स्पीड गव्हर्नर असतो. समृद्धी महामार्ग कितीही मोकळा असला तरी ८० च्या पुढे जायचंच नाही. त्या वेगाला पाचव्यात ३.९१ चं इंजिन १९३९ वर आणि ४.५६ चं २२६२ वर असतं. आवाज थोडा जास्त येईल, पण आजच्या डिझेल इंजिनाला हा काही त्रास नव्हे. रोज रिकाम्या कॅरेटांसह किंवा हलक्या पार्सलसह लांब पल्ला मारणाऱ्याने मात्र ३.९१ घ्यावा, त्याचं डिझेल खरोखर वाचेल.

घाटाचा हिशेब वेगळा करायला हवा. धारूरचा घाट, मांजरसुंब्याचा, कन्नडचा औट्रम घाट, प्रत्येकाचा चढ जागोजागी बदलतो. उदाहरणापुरता पंधरास एक धरू, म्हणजे पंधरा मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. मालासह गाडी ३००० किलोची. चढासाठी सुमारे १९६० न्यूटन आणि टायरच्या घर्षणासाठी ४४० न्यूटन, मिळून २४०० न्यूटन ओढ लागते. मधल्या गिअरांत दहा टक्के जातात असं धरून तिसऱ्या गिअरला (रेशो १.५) इंजिनाकडे ३.९१ ची गाडी १५६ न्यूटन-मीटर टॉर्क मागते आणि ४.५६ ची १३४. इंजिन १४०० ते २२०० आरपीएमच्या पट्ट्यात २०० देत असेल तर दोन्ही गाड्या चढतील. उलट दोन्हींचं इंजिन सारख्याच १८०० आरपीएमवर असेल तर ३.९१ ची ताशी ४० ने चढेल आणि ४.५६ ची ३४ ने.

मग फरक कुठे पडतो? वळणावर. पुढे उसाची ट्रॉली आडवी आली आणि वेग २५ वर उतरला की पहिलीचं इंजिन ११४० वर येतं. तिथे टर्बोला पुरेशी हवा मिळत नाही, इंजिन थरथरतं, चढातच दुसरा टाकावा लागतो. दुसरीचं इंजिन त्या वेगाला १३२५ वर असतं, म्हणजे टॉर्कच्या पट्ट्याच्या उंबऱ्यावर. ती तिसऱ्यातच सावरते.

क्लचचं गणित तर याहून बोलकं आहे. गाडी उभी असते, इंजिन फिरत असतं. दोघांचा वेग जुळेपर्यंत प्लेट घसरते आणि तिथे उष्णता होते. सपाट जागेवर ही उष्णता, प्लेट पूर्ण धरते त्या क्षणी गाडीत जेवढी गतिज ऊर्जा असते, साधारण तेवढीच असते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर चालते. ४.५६ ची गाडी कमी वेगाला जुळते, म्हणून प्रत्येक उठावणीला उष्णता सुमारे २६ टक्क्यांनी कमी. चढावर उठवताना फरक आणखी वाढतो. दिवसभर गल्लोगल्ली थांबत भाजीपाला उतरवणाऱ्या गाडीला ही बचत डिझेलच्या बचतीपेक्षा मोठी ठरू शकते.

शेतापर्यंत जाणाऱ्या गाडीसाठी आणखी एक गोष्ट. पहिला गिअर ४ चा आणि इंजिन ८०० च्या आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, असेल तर ४.५६ ची गाडी ताशी ५.७ किलोमीटरने सरकते, ३.९१ ची ६.६ ने. पहिला वेग माणसाच्या चालीचा आहे; खड्ड्याखड्ड्यांच्या पाणंदीत पाय क्लचवरून काढता येतो. दुसऱ्या वेगाला हाफ क्लच मारावा लागतो. डांबरी रस्त्यावर टायरचा विरोध वजनाच्या दीड टक्का असतो, भिजलेल्या काळ्या मातीत तो दहा टक्के आणि त्याहून वर जातो. म्हणजे श्रावणातली सपाट पाणंद इंजिनाला दहास एकच्या घाटासारखी भासते. मात्र चिखलात चाकच जागेवर फिरायला लागलं तर कुठलाही रेशो कामाचा नाही. तिथे टायरची नक्षी आणि डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा) असेल तर तो, एवढेच उपयोगी.

एक सावधगिरी: फक्त हौसिंगचा अंक पाहून दोन गाड्यांची तुलना करू नये. एका गाडीचा पहिला गिअर ३.८ आणि हौसिंग ४.५६ असेल तर गुणाकार १७.३ येतो. दुसरीचा पहिला ४.६ आणि हौसिंग ३.९१ असेल तर १८ येतो, म्हणजे लहान अंकाची गाडी उठावणीला जास्त ओढते. पहिल्या आणि शेवटच्या गिअरचा गुणाकार, दोन्ही करून बघावेत.

टायर बदलला तरी रेशो बदलल्यासारखंच होतं. २१५/७५ च्या जागी २३५/७५ आर १५ टाकला तर चाक चार टक्क्यांनी मोठं होतं आणि ४.५६ चा परिणाम ४.३७ इतकाच उरतो. स्पीडोमीटर ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या वर असेल. रुबाबासाठी उंच टायर टाकून मग ‘गाडी ओढत नाही’ म्हणून इंजिन उघडणारे कमी नाहीत.

जुनी गाडी घेताना कागद नसेल तर रेशो मोजता येतो. सपाट जागी गाडी उभी करा, पुढची दोन्ही चाकं आणि मागचं एक चाक दोन्हीकडून लाकडी ठोकळ्यांनी अडवा, इंजिन बंद, गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं दुसरं चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकवर भरवसा नको. टायरवर आणि शाफ्टवर खडूने खूण करा. एकच चाक फिरत असल्याने डिफरन्शियलमुळे, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरांमुळे, क्राऊन निम्माच फिरतो, म्हणून चाकाचे वीस फेरे म्हणजे क्राऊनचे दहा. तेवढ्यात शाफ्टचे साडेपंचेचाळीस फेरे झाले तर रेशो ४.५६, एकोणचाळीसच्या आसपास झाले तर ३.९१.

आधी घेऊ, नाही पटलं तर हौसिंग बदलू, हा विचार महागात पडतो. क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, जोडीनेच बदलावे लागतात. बसवताना पिनियनची खोली शिमने, म्हणजे पातळ चकत्यांनी, जुळवायची, बेअरिंगचा प्रीलोड, म्हणजे आधीच दिलेला ताण, धरायचा, दातांमधली मोकळी चाल डायल गेजवर मोजायची. ही चाल साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटर असते. नेमका आकडा कंपनीच्या मॅन्युअलमधला घ्यावा. दातांवर रंग लावून फिरवलं की ठसा दाताच्या मध्यावर उमटला पाहिजे. ठसा टोकाला गेला तर जोर टोकावर येतो, गाडी ॲक्सिलरेटर दाबताना किंवा सोडताना हुंकारते आणि काही महिन्यांत दात झडतात. शिवाय वॉरंटी जाते, आणि गिअरबॉक्सवरून चालणारा स्पीडोमीटर चुकीचा दाखवायला लागतो. फोर बाय फोर असेल तर पुढचा रेशोही मागच्याला जुळवावा लागतो, नाहीतर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात.

या क्राऊन-पिनियनमध्ये दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, लांबीच्या दिशेने घसरतातही. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेखाली बसवलेलं असतं, म्हणून शाफ्ट खाली राहतो. ही हायपॉइड रचना पॅकार्ड कंपनीने १९२६ साली मोटारीत आणली. घसरण्याच्या जागी साधं तेल पिळून निघून जातं, त्यामुळे हौसिंगमध्ये जीएल-५ दर्जाचंच तेल लागतं, बहुधा ८० डब्ल्यू ९० किंवा ८५ डब्ल्यू १४०. गिअरबॉक्सचं जीएल-४ तेल उरलंय म्हणून इकडे ओतू नये. हौसिंगवरचा ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं तोंड, चिखलाने बुजला तर गरम हवेचा दाब ॲक्सलच्या सीलमधून तेल बाहेर ढकलतो, ते ब्रेक लायनरवर जातं आणि भरली गाडी उतारावर थांबेनाशी होते. पावसाळा संपला की ब्रीदर साफ करावा. नव्या गाडीचं पहिलं तेल मॅन्युअलमधल्या किलोमीटरला बदलताना ड्रेन प्लगचं चुंबक बोटाने पुसून पाहावं. राखाडी, मऊ लेप असेल तर दात एकमेकांना बसत आहेत, ते ठीक आहे. बोटाला कणी टोचली तर तेल ओतण्याआधी हौसिंग उघडायला सांगावं.