रोस्सो आणि ब्रुनेल्लो: एकाच बागेतल्या दोन वाइन

इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या मोंताल्चिनो गावच्या एखाद्या छोट्या, घरच्याच माणसांनी चालवलेल्या वाइनरीची नवी यादी पाहिली, तर तीत बहुधा दोन नावं ठळक दिसतात. रोस्सो दि मोंताल्चिनो आणि ब्रुनेल्लो दि मोंताल्चिनो. दोन्ही लाल, दोन्ही शंभर टक्के सांज्योवेझे द्राक्षाच्या, दोन्ही एकाच गावच्या हद्दीतल्या. कित्येकदा बागही तीच आणि तळघरही तेच. किंमत मात्र ब्रुनेल्लोची दुप्पट, तिप्पट. मग दुकानदार रोस्सोला ‘बेबी ब्रुनेल्लो’ म्हणून पुढे करतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की ही जरा खालच्या प्रतीची असणार. मला ही समजूत मनापासून खटकते, कारण ती धरून बसलं तर छोट्या वाइनरीची खरी ओळख करून देणारी बाटलीच हातची जाते.

दोघींतला पक्का, कायद्याने ठरवलेला फरक आहे तो मुख्यतः वेळेचा. ब्रुनेल्लो किमान दोन वर्षं ओकच्या पिंपात आणि त्यानंतर किमान चार महिने बाटलीत मुरलीच पाहिजे. बाजारात ती येते सुगीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या 1 जानेवारीपासून. ‘रिझेर्वा’ म्हणजे जास्त मुरवलेली ब्रुनेल्लो असेल तर आणखी एक वर्ष थांबायचं. रोस्सोला लाकडाची सक्ती नाही, आणि सुगीच्या पुढच्याच वर्षी 1 सप्टेंबरपासून ती विकता येते. उत्पादनाची मर्यादाही थोडी वेगळी आहे: ब्रुनेल्लोसाठी हेक्टरी 8 टन द्राक्षं, रोस्सोसाठी 9 टन.

यातून एक गोष्ट घडते, ती नवी यादी वाचताना पटकन लक्षात येत नाही. शेजारी शेजारी मांडलेल्या या दोन नव्या बाटल्या एका सालाच्या नसतातच. 2026 मध्ये बाजारात आलेली ब्रुनेल्लो 2021 च्या सुगीची. तिच्याबरोबर मिळणारी रोस्सो बहुधा 2023 किंवा 2024 ची. 2021 मध्ये एप्रिलच्या कडाक्याच्या थंडीने टस्कनीतले कोवळे कोंब जाळले, पुढे उन्हाळा कोरडा गेला, घड कमी पण रसाला दाट झाले. 2023 च्या मे-जूनमध्ये मध्य इटलीत पावसाने पाठ सोडली नाही आणि डाऊनी हा बुरशीचा रोग वेलींवर पसरला. नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदारांना या रोगाचा धसका वेगळा सांगायला नको. अशा दोन सालांच्या वाइन एका टेबलावर ठेवून ‘रोस्सो जरा पातळ वाटते’ म्हणणं हा बागेवरही अन्याय आणि ती राखणाऱ्यांवरही. त्यातला निम्मा फरक आभाळाने केलेला असतो.

आता रोस्सो कुठून येते ते पाहू, कारण सगळा प्रश्न तिथे आहे. काही बागा कागदोपत्री फक्त रोस्सोसाठी नोंदलेल्या असतात. त्यांची ब्रुनेल्लो कधीच होऊ शकत नाही. उलट ब्रुनेल्लोसाठी नोंदलेल्या बागेची वाइन मालकाला वाटलं तर रोस्सो म्हणून बाटलीत भरता येते. छोट्या वाइनरीकडे दोन-चार हेक्टर जमीन, तीही बरीचशी ब्रुनेल्लोची. अशा ठिकाणी रोस्सो म्हणजे पुष्कळदा ब्रुनेल्लोच्याच बागेतली तरुण वेलींची द्राक्षं, किंवा चाखून पाहिल्यावर ‘हे पिंप आत्ताच गोड लागतंय, याला चार वर्षं कशाला अडकवायचं’ असा निर्णय झालेली वाइन. मोठ्या कारखानदारी वाइनरीच्या रोस्सोबद्दल मी हे छातीठोकपणे म्हणणार नाही. तिथे वेगळ्या बागा आणि वेगळं गणित असू शकतं.

शिवाय खराब साल आलं की घरगुती वाइनरीची नियत रोस्सोतच दिसते. 2014 चा उन्हाळा थंड आणि पावसाळी होता. त्या वर्षी काहींनी ब्रुनेल्लो काढलीच नाही, सगळा माल रोस्सो म्हणून विकला. पाचव्या वर्षी येणारं मोठं उत्पन्न स्वतःच्या हाताने सोडायचं, याला केवढं मन लागत असेल! त्या सालाची अशी रोस्सो ज्यांनी घेतली, त्यांना ब्रुनेल्लोच्या बागेची द्राक्षं रोस्सोच्या भावात मिळाली.

पैशाचा भाग दुसऱ्या बाजूनेही आहे. ब्रुनेल्लोचं साल चार वर्षांहून जास्त काळ तळघरात पडून असतं. छाटणी, विरळणी, फवारणी, मजुरी यांचे पैसे मात्र दर वर्षी मोजावे लागतात. रोस्सो लवकर विकली जाते, म्हणूनच छोटं कुटुंब ब्रुनेल्लोसाठी धीर धरू शकतं. ब्रुनेल्लोला 1966 मध्ये डीओसी (ठरावीक भागातली, ठरलेल्या नियमांनी केलेली वाइन असा इटलीतला सरकारी दर्जा) मिळाला आणि 1980 मध्ये त्याहून वरचा डीओसीजी. रोस्सोला स्वतंत्र डीओसी मिळाला तो 1983 मध्ये.

दोघींच्या नावाला जपण्यासाठी गावात भांडणंही झाली आहेत. 2008 मध्ये काही ब्रुनेल्लोंत दुसरी द्राक्षं मिसळल्याच्या संशयावरून सरकारी चौकशी झाली, आणि त्याच वर्षी उत्पादकांच्या संघाने मतदान करून शंभर टक्के सांज्योवेझेचा नियम कायम ठेवला. 2011 मध्ये तोच प्रश्न रोस्सोच्या बाबतीत आला: मेर्लो, काबर्ने अशी दुसरी द्राक्षं थोडी चालू द्यावीत का? बहुमताने नकार दिला. ‘स्वस्त’ समजल्या जाणाऱ्या वाइनसाठी एवढी कडक भूमिका घेतली गेली, याचं मला फार मोल वाटतं. त्यामुळे लेबलावर ‘रोस्सो’पुढे ‘दि मोंताल्चिनो’ आहे ना, ते नीट पाहावं. नुसतं ‘रोस्सो तोस्काना’ असेल तर आत कोणतीही द्राक्षं असू शकतात.

चवीत काय फरक पडतो? रोस्सोचा रंग माणकासारखा उजळ, वास ताज्या चेरीचा, आंबटपणा खेळकर, तुरटपणा असतो पण लवकर विरतो. ब्रुनेल्लोचा रंग कडेला विटकरी होऊ लागलेला, चेरी सुकत आलेली, मागे तंबाखू, चामडं, सुका पालापाचोळा, आणि हिरड्यांना धरून राहणारा तुरटपणा. सांज्योवेझेच्या सालीत तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर, वर आंबटपणाही जास्त. म्हणून तिला काळ लागतो, आणि म्हणूनच ती टिकते. मोंताल्चिनोचेच क्लेमेन्ते सान्ती आणि पुढे त्यांचा नातू फेर्रुच्चो बियोंदी सान्ती यांनी 19 व्या शतकात निव्वळ सांज्योवेझेची टिकाऊ वाइन करायचा ध्यास घेतला. त्यांच्या 1888 च्या ब्रुनेल्लोच्या बाटल्या आजही दंतकथेसारख्या सांगितल्या जातात.

बाग कुठल्या उतारावर आहे, हेही दोन्ही बाटल्यांत सारखंच उतरतं. उत्तरेकडच्या, गावाजवळच्या उंच बागा थंड, वाइन सडपातळ आणि सुगंधी. दक्षिणेला सांत आंजेलोच्या बाजूला ऊन जास्त, वाइन भरदार. उदाहरण म्हणून उत्तरेकडची इल पारादीझो दि मान्फ्रेदी ही वाइनरी घ्या. मान्फ्रेदी मार्तीनी हे आधी बियोंदी सान्तींकडे काम करत. पुढे त्यांनी स्वतःची जमीन घेतली. जेमतेम अडीच हेक्टरची ही घरची बाग, आणि वाइन मुरते स्लाव्होनियन ओकच्या मोठ्या पिंपांत. एवढ्या लहान जागेत ब्रुनेल्लो नि रोस्सो यांच्यात भिंत कुठून असणार?

सांज्योवेझे आपल्यालाही अगदी परकी नाही. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात फ्रातेल्ली या वाइनरीच्या बागांत टस्कनीचेच वाइनतज्ज्ञ पियेरो मासी यांच्या देखरेखीखाली ती लावली गेली, आणि फ्रातेल्लीच्या ‘सेत्ते’ या वाइनमध्ये ती काबर्ने सोव्हिन्योंबरोबर येते. मात्र ती मिश्र वाइन आहे. निव्वळ सांज्योवेझेची ओळख करून घ्यायला रोस्सोच बरी. आपल्याकडच्या उकाड्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून मग उघडावी, 16-17 अंशांना ती खुलते. तिखटजाळ रश्शाबरोबर ब्रुनेल्लो मात्र नको. तिखटाने तुरटपणा बोचरा होतो.

छोट्या वाइनरीची नवी ब्रुनेल्लो घ्यावी का, हे ठरवायचं असेल तर आधी त्याच सालाची रोस्सो शोधावी. 2022 ची ब्रुनेल्लो 1 जानेवारी 2027 च्या आधी विकताच येणार नाही, पण 2022 ची रोस्सो 2023 च्या सप्टेंबरपासून विकायला मोकळी आहे. ते साल उन्हाचं आणि अवर्षणाचं होतं. त्या रोस्सोत द्राक्ष भाजल्याची, मुरंब्यासारखी चव येत असेल, तर त्या घराने ऊन कसं सांभाळलं याचा अंदाज ब्रुनेल्लोवर पैसे घालण्याआधीच येतो. आणि ती ताजी, रसरशीत लागली, तर 2027 साठी दोन बाटल्यांचे पैसे बाजूला काढायला हरकत नाही.