आडनाव एक, रक्त अनेक: स्कॉटिश क्लॅन आणि डीएनए चाचणीची पार्श्वभूमी

स्कॉटिश क्लॅनमध्ये, म्हणजे एका प्रमुखाला मानणाऱ्या आणि बहुधा एकच आडनाव लावणाऱ्या समूहांत, आपली मुळे शोधणाऱ्यांत अमेरिका, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियातल्या लोकांचा भरणा मोठा असतो. याचे कारण अठराव्या शतकात सापडते. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या माळावर जॅकोबाइटांचा, म्हणजे पदच्युत स्टुअर्ट घराण्याला गादी परत मिळवून देऊ पाहणाऱ्यांचा, पराभव झाला; त्यांच्या बाजूने अनेक क्लॅन लढले होते. पाठोपाठ लंडनच्या पार्लमेंटने क्लॅनप्रमुखांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार काढून घेतले आणि हायलँडच्या, म्हणजे उत्तर-पश्चिमेकडच्या डोंगराळ स्कॉटलंडच्या, पुरुषी पोशाखावर बंदी घातली. पुढच्या शंभरेक वर्षांत मेंढ्यांच्या कुरणांसाठी गावेच्या गावे उठवली गेली. उठवणाऱ्या जमीनदारांत जुने क्लॅनप्रमुखही होते, हे आजच्या भावुक मेळाव्यांत सहसा कोणी काढत नाही. माणसे नोव्हा स्कोशियाला, नॉर्थ कॅरोलायनाला गेली. जाताना आडनाव सोबत नेले, कागद मात्र क्वचितच. मायदेशीही परिस्थिती फार बरी नव्हती. स्कॉटलंडमध्ये जन्ममृत्यूची सरकारी नोंद १८५५ साली सुरू झाली; त्याआधी भिस्त चर्चच्या वह्यांवर, आणि हायलँडमधल्या वह्या उशिरा सुरू झालेल्या, तुटक.

ही पोकळी आधी हौसेने भरली. १८२२ साली राजा चौथा जॉर्ज एडिंबराला आला, तेव्हा कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने स्वागताचा असा थाट मांडला की टार्टन हे चौकड्यांचे कापड साऱ्या स्कॉटलंडचे राष्ट्रीय वस्त्र होऊन बसले. प्रत्येक आडनावाला ठरलेली चौकडी असते ही समजूतही बव्हंशी त्याच काळातली.

विज्ञान या खेळात उतरले ते २००० च्या सुमारास. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसेच्या तसे जाते, आणि आडनावही बापाकडूनच येते. मग दोन्हींची सांगड घालता येईल का? ऑक्सफर्डचे अनुवंशशास्त्रज्ञ ब्रायन साइक्स यांनी आधी स्वतःच्याच आडनावाच्या पुरुषांवर हा प्रयोग केला. त्याच सुमारास ह्यूस्टनच्या फॅमिली ट्री डीएनए कंपनीने घरबसल्या गालाच्या आतला नमुना पाठवण्याची सोय केली आणि आडनावनिहाय प्रकल्प उभे राहिले. सुरुवातीला १२ मार्कर, म्हणजे गुणसूत्रावरच्या ठरावीक जागा, तपासत. एवढ्यावर निम्मा पश्चिम युरोप एकमेकांचा भाऊबंद निघायचा. पुढे ३७, ६७, १११ मार्कर आले, आणि नंतर वाय गुणसूत्राचा मोठा भाग वाचून नेमके उत्परिवर्तन शोधणाऱ्या चाचण्या.

गाजले ते मॅक्डॉनल्डांचे प्रकरण. क्लॅन डोनाल्ड आपला मूळपुरुष म्हणून समरलेडचे नाव घेतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या बेटांचा हा सत्ताधीश ११६४ मध्ये रेन्फ्र्यूजवळ मारला गेला. भाटांनी गायलेली त्याची वंशावळ आयर्लंडच्या प्राचीन राजांपर्यंत पोचते. साइक्स यांना मात्र काही मॅक्डॉनल्डांत आणि क्लॅन डोनाल्डच्या हयात प्रमुखांतही वाय गुणसूत्राच्या आर१ए नावाच्या गटातली एकच शाखा आढळली. हा गट गेलिक मुलखात (आयर्लंड, पश्चिम स्कॉटलंड) विरळा आणि नॉर्वेत मुबलक आहे. म्हणजे ज्या वीराने नॉर्स, अर्थात नॉर्वेकडून आलेल्यांच्या, सत्तेशी झुंज दिली, त्याची बापाकडची ओळ बहुधा नॉर्सच होती. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: बहुतेक मॅक्डॉनल्डांत ही खूण नाहीच.

यात व्यभिचाराच्या कहाण्या शोधायची गरज नाही. क्लॅन म्हणजे एका रक्ताची माणसे, हे प्रमुखाच्या घराण्यापुरतेच थोडेफार खरे होते. बाकीचे लोक त्याच्या जमिनीवर राहणारे, त्याच्यासाठी लढणारे, त्याच्या आसऱ्याला आलेले. आडनावे पक्की होऊ लागली तेव्हा त्यांनी त्याचेच नाव लावले. फ्रेझरांविषयी तर अशी आख्यायिका आहे की नाव बदलून फ्रेझर होणाऱ्याला प्रमुखाकडून पीठ मिळे. मॅक्ग्रेगरांच्या बाबतीत उलटे घडले. १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनच्या कत्तलीनंतर राजा सहाव्या जेम्सने त्यांचे नावच बेकायदा ठरवले. नाव लावणाऱ्याला मृत्युदंड होता. मधल्या काळातली थोडी सूट सोडली तर ही बंदी १७७४ पर्यंत टिकली. लोक मरे, ड्रमंड, ग्रँट, कॅम्पबेल झाले. त्या घराण्यातला प्रसिद्ध बंडखोर रॉब रॉय यानेही कॅम्पबेल नाव वापरले. त्यामुळे आज मॅक्ग्रेगर आडनाव नसलेल्यांच्या वाय गुणसूत्रात त्या घराण्याची खूण सापडते. इथे चाचणी खरोखर कामाची ठरते, कारण कागदाने जे मुद्दाम लपवले ते ती दाखवते.

वाय चाचणी एकच धागा पकडते, हे विकणारे हळू आवाजात सांगतात. दहा पिढ्या मागे प्रत्येकाचे १०२४ पूर्वज धरले, तर ती त्यांतल्या एकाबद्दल बोलते. आईची आई, आजीचा बाप यांच्याविषयी अवाक्षर नाही.

अशा प्रकल्पाचे धागे न्यायालयापर्यंतही गेले. प्रिंगल हे इंग्लंडच्या सीमेलगतचे घराणे. १६८३ साली दुसऱ्या चार्ल्सने स्टिचिलच्या रॉबर्ट प्रिंगलला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब दिला आणि हा किताब त्याच्या औरस पुरुष वंशजांना ठेवला. दहावे बॅरोनेट सर स्टुअर्ट प्रिंगल यांनी आडनावाच्या प्रकल्पासाठी नमुना दिला, आणि तो घराण्याच्या इतर शाखांशी जुळला नाही. २०१३ मध्ये ते वारल्यावर त्यांचा मुलगा आणि चुलत शाखेतला एक वंशज, दोघांनीही किताबावर हक्क सांगितला. राणीने हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिल या राजसल्लागार मंडळाच्या न्यायिक समितीकडे पाठवला. जून २०१६ मध्ये समितीने डीएनएचा पुरावा ग्राह्य धरला: १९०३ साली जन्मलेले नववे बॅरोनेट हे आठव्यांचे पुत्र नव्हते, म्हणून किताब चुलत शाखेकडे गेला. अशा पुराव्याने पिढ्यांपूर्वी मिटलेले वारसे पुन्हा उकरले जातील, याची न्यायाधीशांना कल्पना होती. त्याला मुदतीची मर्यादा घालायची की नाही, हे त्यांनी पार्लमेंटवर सोडले.