टिरोलचा किल्ला इटलीत कसा? एका घराण्याची पार्श्वभूमी

ऑस्ट्रियात टिरोल नावाचं एक राज्य आहे, राजधानी इन्सब्रुक, आल्प्समध्ये स्कीइंगला जाणाऱ्यांना माहिती असेल. पण ज्या किल्ल्यावरून हे नाव आलं तो किल्ला ऑस्ट्रियात नाहीच. तो आहे सीमेच्या अलीकडे इटलीत, मेरानो शहराच्या वरच्या डोंगरावर, आदिजे नदीच्या खोऱ्याकडं तोंड करून उभा. आधी किल्ला, मग किल्ल्यावरून घराण्याचं नाव आणि घराण्यावरून अख्ख्या मुलखाचं नाव, असा हा क्रम आहे, आणि तो कसा घडला हे कळलं की त्या भागाचं आजचं राजकारणसुद्धा बरंच कळतं.

बाराव्या शतकात इथला मुलूख खरं तर बिशपांचा होता, ट्रेंटोचे बिशप आणि ब्रिक्सेनचे बिशप. जर्मनीतून इटलीत उतरायचं तर ब्रेनर किंवा रेशेनचा घाट ओलांडावा लागायचा, त्यातला ब्रेनर जेमतेम १३७० मीटर उंच म्हणजे आल्प्सच्या मानानं सोपा, त्यामुळं सम्राटाचं (म्हणजे जर्मनी आणि उत्तर इटलीवरच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाचं) सैन्य, व्यापारी, यात्रेकरू सगळे इथूनच जायचे. सम्राटाला ही वाट भरवशाच्या हातात हवी होती म्हणून मुलूख बिशपांना दिलेला. पण बिशप धर्मगुरू, तलवार कोण चालवणार, म्हणून संरक्षण आणि न्यायनिवाड्यासाठी ते एखाद्या सरदाराला नेमायचे, त्याला फोग्ट म्हणत. टिरोलचे काउंट हे असेच फोग्ट. ११४१ पासून कागदपत्रांत त्यांचं नाव दिसतं. आणि पुढची शंभर-दीडशे वर्षं त्यांनी एकच काम चिकाटीनं केलं, जो मुलूख राखायला दिला होता तो हळूहळू स्वतःचा करून टाकला.

१२५३ मध्ये काउंट आल्बर्ट तिसरा वारला आणि त्याला मुलगा नव्हता. वारसा गेला मुलींकडं, त्यातली आडेलहाइड ही गोरित्सिया घराण्यातल्या माइनहार्टला दिलेली, म्हणून किल्ला त्या घराण्याकडं आला. म्हणजे टिरोल एका मुलीमुळं दुसऱ्या घरात गेलं. हे लक्षात ठेवा, कारण हेच पुन्हा होणार आहे.

तिचा मुलगा माइनहार्ट दुसरा, हा माझ्या मते या घराण्यातला सगळ्यात कर्तबगार माणूस. १२७१ मध्ये भावाबरोबर वाटणी झाली आणि टिरोल त्याच्याकडं राहिलं. त्यानं बिशपांकडून हक्क काढून घेतले, छोट्या सरदारांना नमवलं, हिशोबाची पुस्तकं काटेकोर ठेवायला लावली (आज त्या काळाची इतकी माहिती मिळते ती त्या हिशोबांमुळंच), आणि मेरानच्या (मेरानोचंच जर्मन नाव) टांकसाळीत चांदीचं एक नवीन नाणं पाडलं ज्यावर दुहेरी क्रूस होता. ते इतकं चाललं की उत्तर इटलीतल्या शहरांनी त्याची नक्कल केली. क्रूसाला जर्मनमध्ये क्रॉइत्स, त्यावरून नाण्याला क्रॉइत्सर म्हणायला लागले, आणि हे नाव ऑस्ट्रियाच्या चलनात १८९२ पर्यंत टिकलं! १२८६ मध्ये त्याला कॅरिंथियाची डची, म्हणजे शेजारचं ड्यूकचं राज्य, मिळाली. १२९५ मध्ये तो वारला तेव्हा टिरोल हा नुसता किल्ला राहिला नव्हता, स्वतंत्र राज्य झालं होतं.

त्याची नात मार्गारेटे. आणि इथं मला जरा थांबायचंय, कारण या बाईवर इतिहासानं फार अन्याय केलाय. बाप हाइनरिश, त्याला मुलगा नाही. १३३० मध्ये तिचं लग्न लावलं बोहेमियाच्या (आजच्या चेक देशातलं राज्य) राजपुत्राशी, योहान हाइनरिशशी, ती बारा वर्षांची आणि तो आठ. १३३५ मध्ये बाप गेला, कॅरिंथिया लगेच हॅब्सबर्गांनी, म्हणजे ऑस्ट्रियाच्या राजघराण्यानं, घेतलं, हिच्या हातात उरलं फक्त टिरोल. नवरा आणि त्याची माणसं स्थानिक सरदारांना नकोशी झालेली, नवराबायकोचंही जमत नव्हतं, तर १३४१ च्या नोव्हेंबरमध्ये तो शिकारीहून परत आला तेव्हा किल्ल्याचे दरवाजे बंद. तिनं आणि सरदारांनी मिळून त्याला आत घेतलंच नाही, त्याला मुलूख सोडून जावं लागलं. चौदाव्या शतकात एका तेवीस वर्षांच्या बाईनं हे केलं, विचार करा.

पहिलं लग्न पोपनं रद्द केलेलं नसतानाच १३४२ मध्ये तिनं सम्राट लुडविगच्या मुलाशी, ब्रांडेनबुर्गच्या लुडविगशी लग्न केलं. पहिल्या नवऱ्याशी शरीरसंबंध झालाच नाही, म्हणून ते लग्नच नव्हे, असं तिचं म्हणणं होतं. पोपनं दोघांना धर्मबहिष्कृत केलं आणि अख्ख्या टिरोलमध्ये धर्मविधी बंद केले, म्हणजे शिक्षा सामान्य लोकांनाही. १३४७ मध्ये पहिल्या नवऱ्याचा भाऊ कार्ल, तोच पुढचा सम्राट चौथा कार्ल, सैन्य घेऊन आला आणि किल्ल्याला वेढा दिला. नवरा बाहेर होता, किल्ला तिनं लढवला आणि पडू दिला नाही. कार्ल माघारी गेला पण जाताना मेरान आणि बोझेन (आजचं बोल्झानो) जाळून गेला.

आणि अशा बाईचं नाव लोकांत काय राहिलं तर "मौलटाश", म्हणजे साधारण लोंबत्या तोंडाची. कुरूप म्हणून तिच्या कहाण्या रचल्या, पुढं सोळाव्या शतकातलं क्वेंटिन मासाइसचं कुरूप म्हातारीचं चित्र तिचंच आहे असं कितीतरी वर्षं सांगितलं गेलं, ते चित्र तर ती गेल्यावर जवळजवळ दीडशे वर्षांनी काढलेलं. तिच्याच काळातल्या एका इतिवृत्तकारानं तिला फार देखणी म्हटलंय. चर्चला न जुमानणाऱ्या बाईची बदनामी चेहऱ्यावरून केली असंच मला वाटतं.

बहिष्कार उठला १३५९ मध्ये, तोही हॅब्सबर्गांच्या मदतीनं. १३६१ मध्ये नवरा गेला, १३६३ च्या जानेवारीत एकुलता एक मुलगा माइनहार्ट तिसरा गेला, याच किल्ल्यावर. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, २६ जानेवारीला, तिनं टिरोल हॅब्सबर्गच्या रुडॉल्फ चौथ्याला लिहून दिलं आणि पुढं व्हिएन्नात राहायला गेली, तिथंच १३६९ मध्ये वारली. तिच्या दुसऱ्या नवऱ्याच्या घराण्यानं, म्हणजे बव्हेरियाच्या विटल्सबाखांनी, मोठी रक्कम घेऊन हक्क सोडला तोही त्याच वर्षी. एवढ्या एका दस्तऐवजानं हॅब्सबर्गांना आल्प्सचे घाट मिळाले.

नंतरचं थोडक्यात. १४२० मध्ये ड्यूक फ्रीडरिश चौथ्यानं दरबार इन्सब्रुकला हलवला, तेव्हापासून किल्ल्याला उतरती कळा लागली. शेजारची दरी ढासळत गेली आणि किल्ल्याचा काही भाग तिच्यात कोसळला. १८१६ मध्ये मेरान शहरानं तो ऑस्ट्रियाच्या सम्राटाला भेट दिला, मग डागडुजी सुरू झाली. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया हरला आणि १९१९ च्या सेंट जर्मेन तहानं ब्रेनरच्या दक्षिणेचा टिरोल इटलीला गेला, किल्ल्यासकट. किल्ल्याच्या आसपासच्या दक्षिण टिरोलमधली बहुतेक माणसं आजही घरात जर्मनच बोलतात. किल्ला आता बोल्झानोच्या स्वायत्त प्रांताकडं आहे, आत दक्षिण टिरोलच्या इतिहासाचं म्युझियम आहे, आणि बाराव्या शतकातले कोरीव संगमरवरी दरवाजे अजून जागेवर आहेत. दोन मजली चॅपेलसाठी हॅब्सबर्गांनी १३७० च्या सुमारास बनवून घेतलेली लाकडी वेदी मात्र तिथं नाही, ती ब्रेनरच्या पलीकडं इन्सब्रुकच्या म्युझियममध्ये आहे.