कृतज्ञता आणि ऋतुचिंतन (ठाणे–नवी मुंबई परिसर)

ऋतू पालटताना, किंवा त्या पालटाशी जोडलेल्या सणाच्या निमित्ताने, गेल्या काही महिन्यांत आपल्याला कोणाकडून काय मिळाले याचे शांत बसून केलेले स्मरण म्हणजे ऋतुचिंतन. ध्यानाची जोड असली तर त्यातून कृतज्ञता रुजते, असे ही साधना करणारे मानतात. 'कृतज्ञ' म्हणजे केलेले जाणणारा आणि 'कृतघ्न' म्हणजे केलेले नाहीसे करणारा. रोजच्या मराठीत यासाठी 'जाण' हा नेमका शब्द आहे. 'त्याला जाण आहे' असे आपण म्हणतो तेव्हा त्या माणसाच्या मनात कोणत्या भावना उचंबळतात याच्याशी आपल्याला कर्तव्य नसते; आपल्यासाठी कोणी काय केले हे त्याला ठाऊक आहे आणि तो ते विसरलेला नाही, एवढेच आपल्याला म्हणायचे असते. पालीतील 'कतञ्ञू कतवेदी' या जोडशब्दाचा अर्थही केलेले जाणणारा आणि ते व्यक्त करणारा असाच आहे, आणि अशी माणसे जगात दुर्मीळ असल्याचे अंगुत्तर निकाय या बौद्ध ग्रंथात म्हटले आहे. समारंभात 'आभार न मानता ऋणात राहणे पसंत करतो' असे म्हणून खाली बसण्याची जी आपली रीत आहे, तिला मात्र या साधनेत थारा नाही. ऋण कशाचे, हे येथे नाव घेऊन सांगावे लागते.

स्मरणाला ऋतूचाच आधार का, याचे एक कारण सवयीत आहे. रोज मिळणारी गोष्ट दिसेनाशी होते, आणि रोज मानलेले आभारही काही दिवसांनी गुळगुळीत होतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅकलो यांच्या २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने दहा आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा पाचपर्यंत गोष्टी लिहून काढल्या. त्रासाच्या गोष्टी लिहिणाऱ्या गटापेक्षा या गटाला आपल्या आयुष्याविषयी अधिक समाधान वाटत असल्याचे आढळले. पंचांगातील सण याहूनही लांब अंतराने येतात आणि प्रत्येक सण वेगळ्या दात्याकडे बोट दाखवतो: कधी समुद्र, कधी गाय, कधी हत्यार, कधी पितर. त्यामुळे तीच ती यादी पुन्हा लिहिण्याची पाळी येत नाही.

ठाणे खाडीच्या दोन्ही काठांवर हे बोट दाखवणे सर्वांत स्पष्ट दिसते ते नारळी पौर्णिमेला. राज्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते. माशांच्या विणीचा आणि खवळलेल्या दर्याचा हा काळ. त्यानंतर श्रावणी पौर्णिमेच्या सुमारास ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यात, बेलापूरजवळच्या दिवाळे गावात, नेरुळच्या सारसोळ्यात कोळी स्त्री-पुरुष वाजतगाजत खाडीवर जातात आणि सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात सोडतात. नारळ सोडताना दर्याला घातलेल्या या गाऱ्हाण्यात, म्हणजे विनवणीत, मागणे असते, हे खरे. पण ते मागणे आधी दोन महिने थांबलेल्या माणसाचे असते. जाळी काठावर वाळत पडलेली असताना, होड्यांची डागडुजी चालू असताना, दर्याने आजवर काय दिले आणि कोणाला परत येऊ दिले नाही याचा हिशेब घरोघरी आपोआप होतो. कृतज्ञतेसाठी हा थांबा नारळाइतकाच महत्त्वाचा आहे, किंबहुना थोडा अधिक.

शेतीशी जोडलेल्या सणांची गोष्ट या भागात तितकी सरळ नाही. १९७० साली सिडको या सरकारी नगरविकास महामंडळाची स्थापना झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे व तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. घणसोली, कोपरखैरणे, तळवली अशा गावांभोवतीची भातशेती गेली. दसऱ्याला दाराला बांधायच्या भाताच्या लोंब्या आता अनेकांना बाजारातून, झेंडूच्या जुडीबरोबर, विकत आणाव्या लागतात. ज्या आगरी कुटुंबाची खाचरे गेली त्याने जमिनीचे आभार कसे मानावेत, हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. उत्तर बहुधा असे दिसते की लोंबी बांधली जाते आणि गेलेल्या खाचराचे नावही त्याच वेळी घेतले जाते. कृतज्ञता म्हणजे तक्रार गिळणे, असे जे प्रवचनांतून अधूनमधून ऐकू येते, त्याला या दारावरची लोंबी दुजोरा देत नाही.

वस्तूंविषयीची जाण हा या साधनेचा साधा आणि म्हणूनच दुर्लक्षित भाग आहे. आषाढी अमावास्येला, म्हणजे दिव्यांच्या अवसेला, घरातले सगळे दिवे काढून चिंचेने घासतात. नौपाड्यातील जुन्या चाळीत काय किंवा वाशीतील सोसायटीच्या बाराव्या मजल्यावर काय, ओट्यावर समई सुटी करून ठेवलेली असते: बैठक, दांडी, तेलाचे पात्र, वरचा मोर. वातीच्या जागेवरचा काजळीचा थर नखाने खरवडताना वर्षभर ती कोणत्या दिवशी लावली होती, कोण आजारी होते, कोणाचे बारसे झाले, हे हात चालू असताना आठवत जाते. पाट मांडून, रांगोळी काढून त्या दिव्यांची पूजा होते आणि कणकेचे गोड दिवे खाल्ले जातात. खंडेनवमीला हेच ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यात घडते. लेथवर काम करणारा कामगार चिंधीने ग्रीस पुसतो, पॅनलवर कुंकवाचे बोट ओढतो, झेंडूची माळ अडकवतो. आणि त्या दिवशी यंत्र बंद असते. ठाणे स्थानकाबाहेरच्या रिक्षा दसऱ्याला फुलांनी सजून धावतात, पण रिक्षा धुण्याचा अर्धा तास हाच त्यांचा खरा विधी म्हणावा लागेल.

आश्विन पौर्णिमेच्या एकाच चांदण्यात तीन परंपरांची स्मरणे येतात. कोकणपट्टीत ती नवान्न पौर्णिमा आहे, शहरात कोजागरी, आणि बौद्ध परंपरेत आषाढ पौर्णिमेला सुरू झालेल्या वर्षावासाची सांगता. वर्षावासाच्या तीन महिन्यांत भिक्खू एका जागी राहतात आणि येथील वस्त्यांमधील विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ग्रंथाचे वाचन चालते. अखेरच्या दिवशीच्या प्रवारणेत भिक्खू संघाला विनवतो, की माझ्या हातून काही दोष घडल्याचे आपण पाहिले, ऐकले किंवा आपल्याला तशी शंका आली असेल, तर ते मला सांगावे. आपल्यामुळे इतरांना काय सोसावे लागले हे ऐकून घेणे कृतज्ञतेच्या यादीत सहसा नसते. ते येथे आहे, आणि त्यामुळे ही परंपरा या विषयात विशेष वजनाची ठरते.

ध्यानाचा भाग सणाच्या गडबडीत होत नाही, त्याला वेगळी बैठक लागते. बेलापूरच्या पारसिक टेकडीवर 'धम्म विपुल' हे विपश्यना केंद्र आहे. सत्यनारायण गोएंका यांनी १९६९ साली म्यानमारहून भारतात आणलेल्या पद्धतीप्रमाणे दहा दिवसांच्या शिबिरात आधी श्वासाकडे पाहणे, मग शरीरावरील संवेदना तटस्थपणे न्याहाळणे आणि शेवटी मैत्रीभावना असा क्रम असतो. सद्भावनेला शेवटची जागा दिली आहे ती मन स्थिर झाल्यावरच ती टिकते म्हणून. जपानमध्ये योशिमोतो इशिन यांनी घडवलेली 'नैकान' ही पद्धत उलट प्रश्नांवर चालते. एका व्यक्तीला समोर ठेवून तीनच गोष्टी तपासायच्या: तिच्याकडून मला काय मिळाले, मी तिला काय दिले, आणि माझ्यामुळे तिला कोणता त्रास झाला. चौथा प्रश्न, म्हणजे तिने मला काय त्रास दिला, मुद्दाम वगळलेला आहे. त्याचे उत्तर सर्वांना तोंडपाठ असते.

ही दोन्ही अंगे एकत्र आणून ऋतूच्या उंबरठ्यावर घरी किंवा घराबाहेर बसता येते. ठाण्यात येऊरच्या डोंगरापायथ्याशी, उपवन किंवा मासुंदा तलावाकाठी पहाटे अर्धा तास पुरतो. आधी काही वेळ श्वास, मग सरत्या ऋतूतील एखादीच व्यक्ती किंवा गोष्ट, आणि तिच्याविषयी ते तीन प्रश्न. उत्तरे तपशिलात हवीत: 'आईने खूप केले' हे उत्तर नव्हे, 'श्रावणात मला ताप असताना आई तीन रात्री खुर्चीत बसून होती' हे उत्तर. आपल्यापेक्षा हलाखीत असलेल्यांकडे पाहून वाटणारे समाधान येथे धरत नाहीत. तो सुटकेचा निःश्वास असतो. तीव्र दुःखात किंवा अन्याय चालू असताना हा अभ्यास कोणावर लादू नये, हेही पाळले जाते.

उन्हाळ्याच्या बैठकीला पाणी हा विषय घेतला, की तिसरा प्रश्न अडचणीचा होतो. नवी मुंबईच्या नळाला मोरबे धरणाचे पाणी येते. ठाण्याला आणि मुंबईला भातसाचे, मुंबईला तानसाचेही. भातसा आणि तानसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत, आणि त्याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायका हंडे रांगेत लावून टँकरची वाट पाहत उभ्या असतात.